गुबगुबीत अक्षराची साक्ष : कूपर ब्लॅक, ‘रेट्रो’ आणि इतिहासाचा पुरावा (थ्रेड)

१/ एखाद्या चित्रकाराला ‘सत्तरच्या दशकातले वाटेल असे इंग्रजी अक्षर काढा’ म्हणून सांगितले, तर बहुधा टम्म फुगलेली, गोलसर, टोके झिजल्यासारखी दिसणारी अक्षरे कागदावर उतरतील. या वळणाचे सर्वांत प्रसिद्ध अक्षर म्हणजे कूपर ब्लॅक. गाण्यांच्या तबकड्या, टी-शर्ट, खाऊची वेष्टने, विनोदी मालिकांची शीर्षके या साऱ्यांवर ते दिसते. त्याचा जन्म मात्र सत्तरच्या दशकातला नाही, १९२२ सालचा आहे. या पन्नास वर्षांच्या तफावतीत इतिहासाच्या अभ्यासकाला शिकण्याजोगे बरेच काही आहे.

२/ या थ्रेडचे प्रतिपादन थोडक्यात असे : ज्या काळाची आठवण करून देण्यासाठी ‘रेट्रो’ अक्षर वापरले जाते, त्या काळाचा ते पुरावा नसते. आठवण काढणाऱ्याच्या काळाचा तो पुरावा असतो. हा भेद विसरून अशी अक्षरे ऐतिहासिक मजकुरावर चढवली जातात, तेव्हा वाचकाची फसगत होते. मराठी समाजमाध्यमांवरचे इतिहासलेखनही या दोषातून सुटलेले नाही. परंतु आरंभ शिकागोपासून करावा लागेल.

३/ ऑस्वाल्ड ब्रूस कूपर याचा जन्म १८७९ सालचा, अमेरिकेतील ओहायो राज्यातला. बालपण कॅन्सस राज्यातील कॉफीव्हिल या गावी गेले. शाळा अर्धवट सोडून त्याने छापखान्यात उमेदवारी केली आणि पुढे चित्रकार होण्याच्या इच्छेने तो शिकागोच्या फ्रँक होम यांच्या चित्रशाळेत दाखल झाला. तेथे अक्षरलेखन शिकवीत होते फ्रेडरिक गाउडी, जे पुढे अमेरिकेतील अग्रगण्य अक्षररचनाकार म्हणून ओळखले गेले. चित्रांपेक्षा अक्षरांत आपला हात अधिक चालतो, हे कूपरला येथेच उमगले.

४/ १९०४ मध्ये कूपरने फ्रेड बर्ट्श याच्यासह जाहिरातींची मांडणी व अक्षरजुळणी करणारी पेढी काढली. त्याने हाताने रेखाटलेल्या अक्षरांची कीर्ती पसरली आणि शिकागोच्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, त्याच्याकडे नव्या टाइपची मागणी केली. प्रथम कूपर ओल्ड स्टाइल हा सौम्य टाइप आला. त्याचीच अतिशय जाड आवृत्ती म्हणजे कूपर ब्लॅक.

५/ त्याची घडण नीट पाहण्याजोगी आहे. रोमन अक्षरांच्या टोकांना जे लहान पाय असतात त्यांना सेरिफ म्हणतात. बहुतेक टाइपांत हे पाय तीक्ष्ण किंवा चौकोनी असतात. कूपर ब्लॅकमध्ये ते पूर्णपणे गोलावलेले आहेत. सरळ रेघ जवळजवळ कोठेच सापडत नाही. ‘ओ’सारख्या अक्षराच्या पोटातली पोकळी लहान आहे आणि ती किंचित मागे कललेली आहे. खाली उतरणाऱ्या शेपट्या आखूड आहेत. त्यामुळे ओळी जवळजवळ बसवता येतात आणि थोड्या जागेत पुष्कळ काळेपणा मावतो.

६/ हा काळेपणा शोभेखातर नव्हता. १९२०चे दशक अमेरिकेत मासिकांच्या आणि वृत्तपत्रीय जाहिरातींच्या भरभराटीचे होते. एका पानावर अनेक विक्रेते एकाच वेळी ओरडत होते आणि ज्याचे अक्षर जाड, त्याचा आवाज मोठा. दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आणि अधू नजरेच्या गिऱ्हाइकांसाठी हा टाइप आहे, असा विनोद खुद्द कूपरच्या नावावर सांगितला जातो. परंपरानिष्ठ मुद्रकांना हे अक्षर असभ्य वाटले. ग्राहकांनी त्यांच्या मताची पर्वा केली नाही.

७/ यश आले की नकला येतात. लडलो कंपनीने १९२४ मध्ये आपला जाड टाइप बाजारात आणला. मोनोटाइप कंपनीला तर कूपर ब्लॅकला तोडीस तोड उत्तर हवे होते आणि ते काम तिने सोपवले फ्रेडरिक गाउडी यांच्यावर. १९२५ चा गाउडी हेवीफेस हा टाइप असा जन्माला आला. शिष्याच्या अक्षराला उत्तर देण्यासाठी गुरूलाच लेखणी उचलावी लागली. म्हणजे १९२५ च्या वाचकाला हे अक्षर जुने किंवा स्मरणरम्य मुळीच वाटत नव्हते. ते त्या क्षणाचे, बाजारातले, अगदी ताजे अक्षर होते.

८/ तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कूपरच्या मूळ टाइपच्या नावातच ‘ओल्ड स्टाइल’ हे शब्द होते. रोमन अक्षरांच्या जुन्या युरोपीय वळणाकडे, यंत्रयुगाच्या आधीच्या मऊपणाकडे त्याने मागे वळून पाहिले होते. म्हणजे जे अक्षर पुढे दुसऱ्यांच्या स्मरणरंजनाचे साधन झाले, त्याच्या मुळाशीही एक स्मरणरंजन होतेच. जुन्याच्या पोटात आणखी जुने, अशी ही रचना आहे. इतिहासाच्या वाचकाला ती बखरींमुळे परिचित असावी : घटना एका काळातली, सांगणारा दुसऱ्या काळातला.

९/ पुढच्या दशकांत अभिरुची बदलली. स्वच्छ, सडपातळ, अलंकारहीन अक्षरांकडे युरोप-अमेरिकेतील रचनाकार वळले. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेला आणि पुढे हेल्वेटिका या नावाने गाजलेला टाइप हे त्या वृत्तीचे सर्वांत ओळखीचे प्रतीक. कंपन्यांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या पाट्या एकाच थंड, शिस्तबद्ध वळणाच्या होऊ लागल्या. या शिस्तीचा कंटाळा आला, तेव्हा कूपर ब्लॅकची पुन्हा आठवण झाली.

१०/ केवळ अभिरुचीने मात्र पुनर्जन्म झाला नसता. त्याला तंत्राची साथ होती. धातूच्या खिळ्याला स्वतःचे चौकोनी अंग असते. दोन खिळे शेजारी ठेवले की त्यांच्या अंगांपेक्षा जवळ अक्षरे येऊ शकत नाहीत. आणायची तर खिळा कानसावा लागतो. १९६०च्या दशकात छायाक्षरजुळणी पसरली, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने अक्षर थेट फिल्मवर उमटू लागले. घासून कागदावर उतरवायची लेट्रासेटची अक्षरेही मिळू लागली. आता अक्षरे एकमेकांना खेटवता येत होती, एकमेकांवर चढवताही येत होती. कूपर ब्लॅकच्या गोल अंगाला ही दाटी विलक्षण शोभली.

११/ मे १९६६ मध्ये बीच बॉइज या अमेरिकन गायकवृंदाचा ‘पेट साउंड्स’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात शेळ्यांना खाऊ घालणारे गायक आणि त्यावर एकमेकांना खेटून बसलेली कूपर ब्लॅकची अक्षरे. चव्वेचाळीस वर्षांचे जाहिरातीचे अक्षर तरुणाईचे अक्षर झाले. उष्णतेने कापडावर चिकटवायच्या अक्षरांमुळे ते पुढे टी-शर्टांवरही पसरले. आजची ‘सत्तरच्या दशकाची’ प्रतिमा या दुसऱ्या जन्माची आहे.

१२/ तो काळ स्वतःही मागे पाहणारा होता, हे सहसा विसरले जाते. न्यूयॉर्कमधील पुश पिन स्टुडिओचे मिल्टन ग्लेझर आणि सिमोर क्वास्ट जुन्या जाहिरातींतून व पुस्तकांतून वळणे उचलून त्यांना नवे रूप देत होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या संगीतसभांच्या भित्तिचित्रांसाठी वेस विल्सन यांनी जी वितळलेली अक्षरे काढली, त्यांचे मूळ व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलर यांच्या विसाव्या शतकारंभीच्या अक्षरांत होते. ज्याला आज साठ-सत्तरच्या दशकांची अस्सल शैली म्हटले जाते, तिचा मोठा भाग त्या दशकांनीच उसना आणलेला होता.

१३/ या गुंत्याचे सर्वांत गमतीदार उदाहरण ब्रिटनमधले आहे. बीबीसीची ‘डॅड्स आर्मी’ ही विनोदी मालिका १९६८ ते १९७७ या काळात चालली. कथा दुसऱ्या महायुद्धातल्या होम गार्डची, म्हणजे १९४० नंतरची. शीर्षकाचे अक्षर कूपर ब्लॅक. अक्षर १९२२ चे, कथा १९४०ची, निर्मिती १९६८ ची. आणि आजच्या प्रेक्षकाला तेच शीर्षक ‘सत्तरच्या दशकातले’ वाटते. एका शीर्षकावर काळाचे इतके थर आहेत आणि त्यांपैकी कथेच्या काळाशी एकही थेट जुळत नाही. तरी कोणाची फसवणूक झाली नाही, कारण तो विनोद आहे हे सर्वांना ठाऊक होते.

१४/ नंतर हे अक्षर संगणकाबरोबर घराघरांत पोहोचले. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईझीजेट या स्वस्त विमानसेवेने ते केशरी रंगाशी जोडले : गंभीर विमान कंपन्यांच्या मेळ्यात एक हसरा, परवडणारा चेहरा. कूपर ब्लॅकच्या मऊ वळणाची नवी भावंडेही आली. अमेरिकेतील चोबानी या दह्याच्या कंपनीने २०१७ मध्ये आणि बर्गर किंगने २०२१ मध्ये आपापल्या ओळखचिन्हांसाठी गोलसर, जुन्या आठवणी जागवणारी अक्षरे स्वीकारली. या साऱ्यांना हवा आहे तो जिव्हाळा. जुना काळ हे त्या जिव्हाळ्याचे केवळ वेष्टन.

१५/ येथे पुराव्याचा प्रश्न येतो. अक्षराचे वळण काळ सांगते, पण एका मर्यादेत. कूपर ब्लॅकमध्ये छापलेला कागद १९२२ पूर्वीचा नाही, एवढे म्हणता येते. तो १९२५ चा आहे की १९७५ चा की कालचा, हे त्या अक्षरावरून ठरत नाही. त्यासाठी कागद, शाई, छपाईची पद्धत, अक्षरांमधले अंतर, मजकूर आणि कागद कोणाकडून कोणाकडे गेला याची साखळी पाहावी लागते. अक्षर अलीकडची नव्हे, फक्त पलीकडची सीमा आखते.

१६/ ही सीमाही सावधपणे वापरावी लागते. २०१७ मध्ये पाकिस्तानात पनामा पेपर्स प्रकरणाच्या चौकशीत २००६ ही तारीख असलेली कागदपत्रे कॅलिब्री या टाइपमध्ये असल्याचे आढळले. तो टाइप सर्वसामान्य वापरासाठी २००७ मध्ये आला होता. त्यामुळे तारखेवर संशय घेतला गेला. त्यावर असा प्रतिवाद झाला की चाचणी आवृत्तीतून तो काहींना आधीच उपलब्ध होता. टाइप ‘तयार’ केव्हा झाला आणि ‘हाती’ केव्हा आला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एका अक्षरावर अखंड निष्कर्ष उभारता येत नाही. मात्र अक्षराकडे दुर्लक्षही करता येत नाही.

१७/ मराठी इतिहासपरंपरेला ही दृष्टी परकी नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांचा आग्रह अस्सल कागदाचा होता. अस्सल, नक्कल आणि बनावट हे तीन शब्द या अभ्यासाचे मूलाक्षर आहेत. नक्कल म्हणजे खोटे नव्हे. ती नक्कल आहे असे सांगितले, तर तीही साधन ठरते. न सांगता अस्सलाच्या जागी बसवली, की ती बनावटीच्या वाटेवर जाते. रेट्रो अक्षरालाही हीच कसोटी लावावी.

१८/ समाजमाध्यमांवर फिरणारी ‘ऐतिहासिक’ चित्रे या कसोटीवर पाहावीत. पिवळट कागद, जळलेल्या कडा, त्यावर पसरट बोरूच्या फटकाऱ्याची देवनागरी आणि खाली एखाद्या थोर पुरुषाचे नाव. वाचकाचा डोळा नकळत मान्य करतो की हे जुने आहे. वस्तुतः मराठा राज्याचा दैनंदिन कागदव्यवहार प्रामुख्याने मोडीत चाले. आधी संपूर्ण ओळीची शिरोरेषा ओढायची, मग तिच्याखाली जलद, जोडलेली अक्षरे लिहायची. शब्दांमध्ये अंतर सोडण्याचाही आग्रह नसे. तसे अस्सल पत्र समोर ठेवले, तर आज बहुतेकांना ते वाचता येणार नाही.

१९/ देवनागरी, म्हणजे बाळबोध, त्या काळी नव्हती असे नव्हे. पोथ्या त्या लिपीत लिहिल्या जात; छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरचा संस्कृत मजकूर देवनागरीतच आहे. आक्षेप लिपीवर नाही, दाव्यावर आहे. संगणकावर आज निवडलेले वळण मजकुराला तीनशे वर्षांचे वय बहाल करते आणि संदर्भाची जागा स्वतः घेते. ‘हे वाक्य कोणत्या पत्रात आहे?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण उत्तर जणू अक्षरानेच दिलेले असते. बनावट वचने इतक्या वेगाने पसरतात, त्यात या सजावटीचा वाटा मोठा आहे.

२०/ यावर एक रास्त आक्षेप आहे. रुक्ष मांडणीने तरुण वाचक दूर जातो. अनेकांना इतिहासाची गोडी एखाद्या देखण्या चित्रामुळेच लागली. हे खरे आहे आणि सौंदर्याला विरोध करून इतिहासाचे भले होणार नाही. परंतु शीर्षक आणि पुरावा या दोन जागा वेगळ्या आहेत. शीर्षक हे आमंत्रण आहे. तेथे अक्षराने नाचावे, हसावे, सजावे. पुरावा ही साक्ष आहे आणि साक्षीदाराला वेष बदलून उभे करणे कोणत्याही न्यायसभेत चालत नाही.

२१/ खेळकर अक्षर प्रामाणिकही असू शकते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके त्या त्या नाटकाच्या आशयानुसार रेखाटली. त्यांचे अक्षर नाटकाचा स्वभाव सांगे. स्वतःचे वय लपवत नसे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मोदक’ हा देवनागरी टाइप नावाप्रमाणेच गुबगुबीत आहे. अक्षरांच्या पोटातली पोकळी इतकी आक्रसलेली की केवळ बारीक फट उरते. तो मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. खाऊचे दुकान, बालनाट्य, उत्सवाचा फलक येथे तो शोभून दिसतो. आपण जुने आहोत असा दावा तो करत नाही.

२२/ इतिहासाची चित्रे व फलक तयार करणाऱ्यांसाठी यातून चार साधे नियम निघतात.
एक : रेट्रो अक्षर शीर्षकापुरते, उद्धृत मजकूर साध्या, वाचनीय अक्षरांत.
दोन : मूळ कागदाचे छायाचित्र उपलब्ध असेल तर तेच दाखवावे आणि त्याखाली लिप्यंतर द्यावे.
तीन : खोटा पिवळेपणा, खोट्या घड्या, खोटे डाग मजकुराखाली घालू नयेत.
चार : चित्रावरच संदर्भ लिहावा, कारण चित्र पुढे जाते आणि खालची ओळ मागे राहते.

२३/ वाचकासाठीही एक सवय. एखादे जुने दिसणारे अक्षर समोर आले की दोन तारखा विचाराव्यात : हे अक्षर केव्हा घडले आणि हा मजकूर या अक्षरात केव्हा बसवला गेला? ‘पेट साउंड्स’च्या बाबतीत उत्तरे १९२२ आणि १९६६ अशी येतात. एखाद्या व्हायरल वचनाच्या बाबतीत दुसरे उत्तर बहुधा ‘गेल्या आठवड्यात’ असे निघेल. त्यामुळे ते वचन आपोआप खोटे ठरत नाही. ते सिद्ध व्हायचे आहे, एवढे मात्र स्पष्ट होते.

२४/ ऑस्वाल्ड कूपरचे १९४० मध्ये निधन झाले. आपल्या अक्षराचा दुसरा जन्म त्याने पाहिला नाही. गिऱ्हाइकाची नजर खेचण्यासाठी केलेले हे अक्षर एका अख्ख्या पिढीच्या बालपणाचा चेहरा होईल, अशी कल्पनाही त्याला नसावी. त्यात त्याचा दोष नाही आणि ते अक्षर प्रेमाने वापरणाऱ्यांचाही नाही. वापरणाऱ्याने ते कोणत्या कामाला लावले आहे, एवढेच तपासायचे असते. दुकानाच्या पाटीवर कूपर ब्लॅक पाहून खुशाल हसावे. पिवळ्या कागदावरचे वचन पुढे पाठवण्याआधी मात्र मूळ कागद मागावा.

(थ्रेड समाप्त)